होडी, लाट आणि इलेक्ट्रॉन

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण अगदी घरगुती आहे. आई न्हाणीघरात घसरली आणि पडताना तिने उजवा हात टेकला. मनगट सुजलं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पडद्यावर मोठा करून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर दिसत नाहीये. पण अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की दुखतंय, तेव्हा आहे असंच धरून चालू. प्लास्टर घालतो, दहा-बारा दिवसांनी परत फोटो काढू." दुसऱ्या फोटोत केसासारखी बारीक रेघ दिसली. या हाडाच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं म्हणे. नावेच्या आकाराचं इवलंसं हाड. त्यातली ताजी चीर पहिल्या फोटोत लपते आणि चिरेच्या कडा जरा झिजल्या की मग दिसायला लागते.

आमच्या धंद्यात हे रोजचंच. बग आहे हे लक्षणांवरून कळतं, लॉगमध्ये मात्र काही सापडत नाही. फरक इतकाच की लॉगमध्ये सापडलं नाही तर मी लॉगिंग वाढवतो. मग एक्स-रेचं 'लॉगिंग' वाढवायचा प्रयत्न कुणी केलाच नाही का? हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला बसलो आणि दोन रविवार कुठे गेले ते कळलं नाही. हाडं बाजूला राहिली आणि मी १९७९ साली सुरू झालेल्या एका गोष्टीत शिरलो. तीच आज सांगतो. लांबण आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पूर्वपीठिका. रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट, फोटो काढला. १९१३ मध्ये अमेरिकेत कूलिजने तापलेल्या तारेची नळी बनवली. तार तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात, ते जोरात धातूवर आपटायचे, आपटताना क्ष-किरण बाहेर पडतात. आपल्या कोपऱ्यावरच्या एक्स-रे क्लिनिकमधलं यंत्र आजही तत्त्वतः हेच करतं. फिल्म गेली, डिजिटल आलं, दिवा मात्र तोच राहिला. आणि हा दिवा तसा ओबडधोबड. किरण साधारण मिलिमीटरच्या आसपास आकाराच्या ठिपक्यातून निघतात आणि चहूकडे फाकतात. ट्यूबलाइटच्या उजेडात हाताची सावली भिंतीवर पाडून बघा, कडा पुसट येतात. तीच सावली मोबाइलच्या टॉर्चने पाडा, कडा धारदार. दिवा जितका ठिपक्याएवढा, तितकी सावली रेखीव.

यापेक्षा उत्तम दिवा माणसाला १९४७ पासून माहीत आहे. त्या वर्षी अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत एक सिंक्रोट्रॉन चालू होता. प्रकाशाच्या जवळपास वेगाने गोल गोल पळणाऱ्या इलेक्ट्रॉनमधून झगझगीत प्रकाश बाहेर पडताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला. वेगवान इलेक्ट्रॉनला वळवलं की तो प्रकाश फेकतो. वेग पुरेसा असला की तोच प्रकाश क्ष-किरणांचा होतो आणि टॉर्चच्या झोतासारखा एकाच दिशेला जातो. आज जगात असे बरेच सिंक्रोट्रॉन आहेत. आपल्याकडे इंदूरला इंडस-१ आणि इंडस-२ आहेत. इंडस-२ चा परीघ पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे आईचं मनगट घेऊन जायचं तर इंदूरला जायचं, आणि तिथेही ते यंत्र संशोधनासाठी आहे, मनगटांसाठी नव्हे.

यंत्र एवढं मोठं का लागतं? इलेक्ट्रॉनला वेग द्यायचा म्हणजे विद्युतक्षेत्राने ढकलायचं. त्वरक यंत्रांत, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरमध्ये, धातूच्या पोकळ्यांत रेडिओलहरी भरून हे क्षेत्र तयार करतात. पण ते मीटरमागे काही कोटी व्होल्टच्या फार पुढे नेता येत नाही. धातूच्या पृष्ठभागावरून ठिणग्या उडायला लागतात, धातू फुटतो. जोरात ढकलता येत नाही, मग काय करायचं? जास्त अंतर ढकलायचं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचा १९६६ साली सुरू झालेला सरळ रेषेतला त्वरक ३.२ किलोमीटर लांब आहे, त्यामागचं कारण हेच.

(इलेक्ट्रॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. एक व्होल्टच्या धक्क्याने मिळते ती एक. मी पुढे सगळीकडे लाख आणि कोटींत लिहिणार आहे. पुण्यात फ्लॅट बघत हिंडल्यामुळे कोटींची सवय झालेलीच आहे.)

आता १९७९. लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ. तिथे जॉन डॉसन नावाचे प्राध्यापक होते. या माणसाबद्दल मला आधी काहीच माहीत नव्हतं याची लाज वाटली, कारण प्लाझ्माचं संगणकावर सिम्युलेशन करण्याची पद्धत ज्यांनी घडवली त्यांच्यात डॉसन अगदी पुढचे. प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला किंवा झोडपलेला वायू, की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेत. त्यात सगळे सगळ्यांना ओढतात आणि ढकलतात, त्यामुळे कागदावर गणितं सोडवणं महाकठीण. डॉसन १९६२ साली प्रिन्स्टनमध्ये म्हणाले, मग कणांनाच संगणकात सोडू या. प्रत्येक पायरीला कणांवरचं बल काढायचं, कण थोडे पुढे सरकवायचे, पुन्हा बल काढायचं. आज आपण ज्याला लूप म्हणतो तो. त्या काळच्या संगणकांवर त्यांनी प्लाझ्माला एका मितीत, पातळ पत्र्यांच्या रांगेसारखं मांडून हे चालवून दाखवलं.

डॉसनच्या हाताखाली तोशिकी ताजिमा नावाचे तरुण जपानी शास्त्रज्ञ होते. या दोघांनी १९७९ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एक छोटा निबंध छापला. कल्पना अशी: धातू फुटतो ना? मग जे आधीच फुटलेलं आहे तेच घ्या. प्लाझ्मा म्हणजे अणूंचा झालेला चुराच, त्याला आणखी काय फोडणार! मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

त्या प्लाझ्मात लेझरचा एक अत्यंत छोटा आणि प्रखर ठोका सोडायचा. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच आठवा. लाँच पुढे जाते, पाणी दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि मागे लाटांची रांग उठते. ती लाट लाँचच्याच वेगाने मागे मागे येत राहते. लेझरचा ठोका म्हणजे लाँच. प्रकाशाचा दाब हलक्या इलेक्ट्रॉनना बाजूला सारतो. त्यांच्या मानाने हजारो पट जड असलेले आयन जागचे हलत नाहीत. मग आयन इलेक्ट्रॉनना परत ओढतात, ते वेगात परत येतात, जागा ओलांडून पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. अशी लाट उठते आणि ठोक्याच्या मागोमाग जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावते. त्या लाटेच्या उतारावर एखादा इलेक्ट्रॉन नेमका सापडला, तर तो तिच्यावर स्वार होऊन घसरत राहतो आणि ऊर्जा कमवत राहतो.

किती? त्यांचा हिशेब सेंटिमीटरमागे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असा होता. नेहमीच्या त्वरकापेक्षा हजारपट किंवा अधिक. स्टॅनफर्डची किलोमीटरची लांबी मीटरवर येते, एवढं यात सामावलेलं होतं. आणि हे त्यांनी सिद्ध कसं केलं? प्रयोगाने नाही. डॉसनच्याच पद्धतीने, संगणकावर, एका मितीत. एक गमतीची गोष्ट: या ऐतिहासिक निबंधाच्या गोषवाऱ्यात पहिल्याच वाक्यात टायपो आहे. बोटीमागच्या लाटेला इंग्रजीत 'वेक' म्हणतात, तिथे 'वीक' छापलंय. स्पेलचेकर असता तर त्यालाही सापडलं नसतं, कारण तोही खराच शब्द आहे. माझ्या कमिट मेसेजना हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

गोषवाऱ्यात असंही लिहिलंय की हल्लीच्या काचेच्या लेझरनी हे साधेल. इथे मात्र ते जरा आशावादी झाले. प्रखरता त्या वर्गातली होती, पण अडचण ठोक्याच्या लांबीची. त्यांनी धरलेल्या घनतेला प्लाझ्मातल्या लाटेची लांबी येते साधारण ३३ मायक्रॉन, आपल्या केसाच्या निम्मी. लाट नीट उठायची तर ठोका त्याच्याही निम्मा हवा, वेळेच्या भाषेत पन्नास-एक फेमटोसेकंद. आणि सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले की त्यातला एक म्हणजे फेमटोसेकंद. इतका छोटा आणि तरीही इतका दणकट ठोका देणारा लेझर १९७९ साली कुणाकडेही नव्हता. सॉफ्टवेअर तयार, हार्डवेअर नाही.

वाट बघत बसण्यापेक्षा काही जणांनी आडवाट धरली. त्यात आघाडीवर होते त्याच विद्यापीठातले चंद्रशेखर जनार्दन जोशी. नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, तुम्हीही बसला असाल. जन्म भारतातला, शिक्षण इंग्लंडात, डॉक्टरेट हल विद्यापीठाची, आणि १९८० च्या सुमारास लॉस एंजेलिस. तिकडे सगळे त्यांना 'चॅन' म्हणतात. आडवाट अशी, आणि ती मूळ निबंधातही सुचवलेली होती: एक छोटा ठोका नाही ना, मग किंचित वेगळ्या रंगांचे दोन लांब लेझर एकत्र सोडा. तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी किंचित बेसूर असल्या की आवाज कसा वॉव-वॉव करत हेलकावतो, तसा दोन लेझरांचा मिळून प्रकाश हेलकावतो. ते हेलकावे प्लाझ्माच्या नैसर्गिक तालाशी जुळवले की झोपाळ्याला लयीत दिलेल्या झोक्यांसारखी लाट वाढत जाते.

जोशींच्या गटाने १९८५ मध्ये अशी लाट उठते हे दाखवलं. मग आठ वर्षं! १९९३ मध्ये त्यांनी २१ लाखांचे इलेक्ट्रॉन बाहेरून त्या लाटेत सोडले आणि एका सेंटिमीटरात ते ९१ लाखांपर्यंत पोचले. आकडा आज किरकोळ वाटतो. पण लाटेवर इलेक्ट्रॉन खरंच स्वार होतो हे तिथे प्रयोगात स्वच्छ दिसलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीचं मॅक्सवेल पारितोषिक २००६ साली त्यांना मिळालं ते याच क्षेत्रातल्या कामासाठी.

दरम्यान न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर विद्यापीठात वेगळंच चाललं होतं आणि त्याचा त्वरकांशी काही संबंध नव्हता. लेझरचा छोटा ठोका वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तो वाढवणाऱ्या काचेलाच जाळतो, हा सगळ्यांचा जुना त्रास. जेरार मुरू आणि त्यांची विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये त्यावर तोड काढली. देवळात गाभाऱ्याच्या दारावर गर्दी एकदम आली तर चेंगराचेंगरी होते. म्हणून काय करतात? लांब रांग करतात, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवतात, आणि बाहेर पडल्यावर सगळे पुन्हा एका झाडाखाली जमतात. तसंच इथे. छोटा ठोका आधी वेळेत ताणायचा, रंगांची रांग करायची. त्यासाठी त्यांनी चौदाशे मीटर प्रकाशतंतू वापरला. ताणल्याने प्रखरता कमी होते, मग काचेला इजा न करता तो वाढवायचा, आणि शेवटी जाळीदार आरशांनी सगळे रंग पुन्हा एका क्षणात गोळा करायचे. स्ट्रिकलंडचा हा पहिलाच शोधनिबंध. २०१८ चं नोबेल या दोघांना मिळालं (निम्मं आर्थर अ‍ॅश्किन यांना, वेगळ्या कामासाठी). भौतिकशास्त्रात स्ट्रिकलंड तिसरी स्त्री. आधीच्या दोघी मेरी क्यूरी, १९०३, आणि मारिया गेपर्ट-मायर, १९६३.

म्हणजे ताजिमा आणि डॉसन यांना हवं असलेलं हार्डवेअर दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच कारणासाठी बनवलं. नव्वदीत टायटेनियम-सफायर नावाच्या स्फटिकाचे लेझर आले आणि फेमटोसेकंदांचे दणकट ठोके खोलीभर जागेत मिळू लागले.

१९९५ मध्ये इंग्लंडच्या रदरफर्ड अ‍ॅपलटन प्रयोगशाळेत लाट इतकी उंच उठवली गेली की ती फुटली. समुद्राची लाट फुटली की फेस पुढे उडतो, तसे प्लाझ्मातलेच इलेक्ट्रॉन उडून लाटेवर बसले आणि ४.४ कोटींपर्यंत गेले. बाहेरून इलेक्ट्रॉन सोडायची गरजच उरली नाही. आता हे ऐका: प्लाझ्माची लाट किती उंच झाली की फुटते, याचं गणित डॉसन यांनी १९५९ साली करून ठेवलं होतं. छत्तीस वर्षं आधी.

पण हे इलेक्ट्रॉन म्हणजे खिचडी होती. एक ४ कोटींचा, दुसरा ४० लाखांचा, बहुतेक त्याहून कमी. सुट्टीच्या दिवशी एसटीतून उतरणाऱ्या गर्दीसारखे, ज्याला जसं जमेल तसा. अशा झोताने उपयोगाचं काही करता येत नाही, आणि म्हणूनच मोठ्या त्वरकांवर काम करणारी मंडळी या सगळ्याकडे 'छान खेळणं आहे' अशा नजरेने बघायची. त्यांचं चूक नव्हतं.

२००२ मध्ये पुखोव आणि मायर-टेर-फेन यांनी जर्मनीत त्रिमितीय सिम्युलेशन चालवलं. संगणक तोवर चिकार वाढले होते. त्यांना दिसलं की ठोका पुरेसा छोटा आणि प्रखर असेल तर लाटांची रांग न उठता ठोक्याच्या मागे एकच बुडबुडा तयार होतो. त्यातून इलेक्ट्रॉन पार हाकलले गेलेले असतात. बुडबुड्याच्या मागच्या टोकाला काही इलेक्ट्रॉन आत घुसतात, सगळे जवळजवळ एकाच वेळी आणि एकाच जागी, त्यामुळे सगळ्यांना सारखाच वेग मिळतो. पुन्हा तोच क्रम: आधी कोड, मग प्रयोग.

प्रयोगाला दोन वर्षं लागली. ३० सप्टेंबर २००४ च्या 'नेचर'च्या अंकात तीन निबंध एकत्र आले. तीन गट, तीन ठिकाणं: इंग्लंडात रदरफर्डचा अ‍ॅस्ट्रा लेझर, फ्रान्सची लेझर-प्रयोगशाळा, आणि अमेरिकेतलं बर्कली. तिघांनाही खिचडीऐवजी नीट, जवळजवळ एकाच ऊर्जेचा झोत मिळाला होता. इंग्लंडात सुमारे ७ कोटी, बर्कलीत ८.६ कोटी, फ्रान्सात १७ कोटी. वायूची फवारणी काही मिलिमीटरची. मुखपृष्ठावर शब्द होते: ड्रीम बीम. १९४७ साली स्केनेक्टडीच्या ज्या यंत्राने पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाश दाखवला तेही ७ कोटींचंच होतं. ते खोलीत मावायचं, हे नखावर.

डॉसन हे बघायला नव्हते. ते नोव्हेंबर २००१ मध्ये वारले.

यानंतरचे आकडे भराभर सांगतो. बर्कलीच्या गटाने ऑक्सफर्डबरोबर २००६ मध्ये ३.३ सेंटिमीटरात १०० कोटी गाठले, २०१४ मध्ये ९ सेंटिमीटरात ४२०, २०१९ मध्ये २० सेंटिमीटरात ७८०, आणि २०२४ मध्ये छापलेल्या निकालात ३० सेंटिमीटरात ९२०. २००७ मध्ये तर जोशींच्या गटाने स्टॅनफर्डच्या त्वरकावर गंमतच केली. तिथे लेझरऐवजी इलेक्ट्रॉनचाच झोत होडी म्हणून वापरला. तीन किलोमीटर पळवून आणलेले ४२०० कोटींचे इलेक्ट्रॉन प्लाझ्मात सोडले, आणि त्यातल्या थोड्यांची ऊर्जा ८५ सेंटिमीटरात दुप्पट झाली.

पण आपण निघालो होतो दिव्याच्या शोधात. तो दिवा या बुडबुड्यातच होता. बुडबुड्यात शिरलेला इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, मध्याच्या डावी-उजवीकडे हेलकावे खात जातो. वेगवान इलेक्ट्रॉन वळला की प्रकाश फेकतो हे वर आलंच. म्हणजे बुडबुडा एकाच वेळी त्वरकही आहे आणि सिंक्रोट्रॉनही. फ्रान्सच्या गटाने हे क्ष-किरण २००४ मध्येच पकडले. हेलकावे मायक्रॉनभराचे, त्यामुळे दिवाही मायक्रॉनभराचा! क्लिनिकमधल्या नळीच्या ठिपक्यापेक्षा शेकडोपट लहान. २०१० मध्ये मिशिगनच्या लेझरवर काम करणाऱ्या गटाने दाखवलं की हा प्रकाश इतका शिस्तीत येतो की नुसत्या शोषणाने पडणारी सावलीच नव्हे, तर कडांपाशी किरण किती वाकले तेही फोटोत उमटतं. नेहमीच्या एक्स-रेत जे पारदर्शक म्हणून निसटतं ते यात रेघ होऊन दिसतं.

आणि मग तो निबंध सापडला ज्यासाठी मी नकळत दोन रविवार घालवले होते. २०१५, पुन्हा रदरफर्ड प्रयोगशाळा, माणसाच्या हाडाचा एक तुकडा. हाडाच्या आत स्पंजासारखी जाळी असते, त्या जाळीचं त्रिमितीय चित्र त्यांनी बुडबुड्यातून निघालेल्या क्ष-किरणांनी काढलं. २०१८ मध्ये त्याच पठडीतलं उंदराच्या गर्भाचं चित्र आलं. मी हाडाचं चित्र मोठं करून आईला दाखवलं. ती म्हणाली, "अनारसा वाटतोय."

आपल्याकडेही हे काम चालतं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात, म्हणजे जिथे इंडस आहेत तिथेच, लेझर-प्लाझ्माने इलेक्ट्रॉन पळवायचे प्रयोग झाले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटांनी प्रचंड लेझरांमागे न धावता उलटा विचार केला. छोट्याशा लेझरने द्रवाच्या सूक्ष्म थेंबावर आधी एक हलका ठोका मारून त्याचा आकार बदलायचा आणि मग दुसऱ्या ठोक्याने त्यातून दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातले इलेक्ट्रॉन काढायचे. हे २०२४ मध्ये छापून आलंय. आणि जुना धागा हवा असेल तर प्रेधिमान काव. प्रिन्स्टनमध्ये साठीच्या अखेरीस त्यांनी डॉसनबरोबर काम केलं. प्रखर लेझर प्लाझ्मातून कसा जातो यावरचा त्या दोघांचा निबंध १९७० चा. पुढे काव भारतात परतले आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यांनी उभी केली.

आता तुम्ही विचाराल, मग हा दिवा कोपऱ्यावरच्या क्लिनिकात का नाही? 'लवकरच टेबलावर मावेल' असं वाक्य या विषयावरच्या लेखांत मला इतक्यांदा भेटलं की मी मोजायचं सोडून दिलं. आमच्याकडे याला डेमो म्हणतात. डेमो चालतो. क्लायंटसमोर चालतो. प्रॉडक्शनमध्ये टाकला की रात्री तीनला फोन येतो.

प्लाझ्मा ३० सेंटिमीटरचा आहे हे खरं, पण त्याला ठोका देणारा लेझर मोठ्या दालनात पसरलेला असतो. बर्कलीचा लेझर सेकंदाला एक ठोका देतो. त्या एका ठोक्यातली ऊर्जा ४० ज्यूलच्या आसपास, चार किलो भाजीची पिशवी मीटरभर उचलायला लागते तेवढीच, पण ती काही डझन फेमटोसेकंदांत ओतलेली. भिंतीतल्या प्लगमधून घेतलेल्या विजेचा एक टक्काही असल्या लेझरमधून प्रकाश होऊन बाहेर येत नाही. बाकीची उष्णता, आणि ती स्फटिकातून काढेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून सेकंदाला एकच. शिवाय प्रत्येक ठोका मागच्यासारखा असेल याची खात्री नाही. खोलीचं तापमान हललं, आरसा कणभर सरकला, की बुडबुडा वेगळा आणि झोत वेगळा. क्लिनिकमधली कूलिजची नळी ओबडधोबड असेल, पण बटण दाबलं की लागते. शंभर वर्षं ती टिकून आहे ती याच्यावर.

म्हणून मला या सगळ्या गोष्टीत विक्रमांच्या आकड्यांपेक्षा २०२० चा एक निबंध जास्त आवडला. हॅम्बुर्गचा. त्यात नवा विक्रम कसलाच नाही. त्या लोकांनी आपला लेझर-प्लाझ्मा त्वरक एका दमात दिवसभराहून जास्त वेळ चालू ठेवला, एक लाख झोत काढले, आणि प्रत्येक झोतासोबत लेझरचे सगळे आकडे नोंदवले. मग तो डेटा घेऊन बसले आणि दाखवून दिलं की झोताची ऊर्जा वरखाली होते ती प्लाझ्माच्या लहरीपणामुळे नाही, बरीचशी लेझरच्या बारीकसारीक हेलकाव्यांमुळे. म्हणजे निसर्ग हटवादी नाही, आपलंच यंत्र सैल आहे. आणि यंत्र घट्ट करता येतं. चाळीस वर्षं 'कसं होतं' या प्रश्नात गुंतलेल्या क्षेत्रात कुणीतरी 'काल रात्री सव्वातीनला काय झालं होतं' असं विचारलं. त्यांनी लॉगिंग वाढवलं!

त्यानंतर गोष्टी सुधारत आहेत. कुठल्या वेळी लेझर कसा लावायचा हे माणसाऐवजी प्रोग्रॅमने शिकत शिकत ठरवणं इंग्लंडात आणि हॅम्बुर्गात सुरू झालं. २०२१ मध्ये शांघायच्या गटाने लेझरने पळवलेले इलेक्ट्रॉन चुंबकांच्या माळेतून नेऊन त्यांच्यापासून पुन्हा लेझरसारखा प्रकाश मिळवला, २७ नॅनोमीटरचा. क्ष-किरणांपर्यंत तो अजून पोचलेला नाही, पण तसला प्रकाश क्ष-किरणांत देणारं हॅम्बुर्गजवळचं युरोपीय यंत्र ३.४ किलोमीटर लांब आहे हे लक्षात घ्या. आणि २०२५ मध्ये हॅम्बुर्गच्याच लोकांनी झोतातला ऊर्जेचा फरक कमी करायला प्लाझ्माच्या पुढे नेहमीच्या त्वरकांतली जुनी रेडिओलहरींची पोकळी बसवली. ज्या पोकळ्यांना कंटाळून ताजिमा आणि डॉसन प्लाझ्माकडे वळले, त्यातलीच एक, मदतनीस म्हणून. लेगसी कोड असा सहजासहजी जात नाही.

आईचं प्लास्टर मंगळवारी निघालं. हाड जुळलंय, हे सांगणारा तिसरा फोटोही त्याच जुन्या नळीने काढला आणि डॉक्टरांना त्यात हवं ते सगळं दिसलं. बोटांना व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितलाय. तिने तो माझ्या कीबोर्डशेजारी आणून ठेवलाय आणि स्वतः कणीक मळायला घेतली आहे.